काहीही लावू नका

बाळाला नाव मिळायला बारा दिवस लागतात. त्याच्या कातडीबद्दलची मतं मात्र पहिल्या तासाभरात मिळतात. वजन किती हे विचारून होतं, नाक कुणाचं यावर सासर आणि माहेर आपापले दावे दाखल करतात, आणि मग भेटायला आलेलं माणूस दुपट्याचं टोक हळूच बाजूला सारून खऱ्या तपासणीला लागतं. "लाल दिसतेय गं जरा." "अंगावर लव फार आहे." "हे नाकावर पांढरं काय?" बाळाचं पोट, फुप्फुसं, मेंदू हे सगळं आत असल्यामुळे डॉक्टरांवर सोडून दिलेलं असतं. कातडी मात्र बाहेर. सोसायटीच्या फलकासारखी ती सर्वांना दिसते आणि तिच्यावर काहीतरी चिकटवण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला असतो.

माझ्या ताईचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, म्हणजे आमच्याकडे साताऱ्याला झालं. मुलगी झाली. घरात माझं पद मामाचं. मामानं दुकानातून वस्तू आणायच्या आणि मत द्यायचं नाही. त्यामुळे मी जे पाहिलं ते निःपक्षपातीपणे पाहिलं, असं समजायला हरकत नाही.

पहिला विषय रंगाचा. "आत्ताचा रंग धरू नका," शेजारच्या काकू म्हणाल्या, "कानाची पाळी बघा." खोलीतल्या सगळ्यांनी आळीपाळीनं कान पाहिला. यात तथ्य आहे, हे सांगायला हवं. बाळाच्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी जन्मतःच असतात, पण त्यांचं काम पूर्ण वेगात सुरू झालेलं नसतं. पुढच्या काही महिन्यांत रंग हळूहळू गडद होतो आणि कानाच्या कडेला, नखांच्या मुळाशी तो आधी दिसतो. म्हणजे काकूंचं निदान बरोबर होतं. घोटाळा उपचारात झाला. निदानाची बातमी फोनवरून कोल्हापूरला पोचली आणि तिसऱ्या दिवशी विहीणबाईंनी ताईसाठी केशराची डबी पाठवली. केशरानं रंग बदलतो, पण दुधाचा. मुलगा असता तर पाळीच्या निरीक्षणात एवढा वेळ गेला नसता, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो. पोरीला अजून डोळे नीट उघडता येत नव्हते आणि तिच्या लग्नाच्या जाहिरातीतला पहिला शब्द ठरवायला मंडळी बसली होती.

अंघोळीचा वाद त्याच्याही आधी झाला होता. जन्मताना बाळाच्या अंगावर एक पांढरा, चिकट लेप असतो. आईनं तो पाहिला आणि तिच्यातली गृहिणी खवळली. "पोरीला पुसलंसुद्धा नाही यांनी! अंघोळ घाला आधी." परिचारिका म्हणाली, "अंघोळ उद्या." आईनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू रुग्णालयात पाणी नाही आणि ही गोष्ट मी तिच्यापासून लपवली होती. वास्तविक तो लेप म्हणजे बाळानं स्वतःच बनवलेलं मलम. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो तयार होतो. त्यात सुमारे 80 टक्के पाणी असतं, उरलेल्यात प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ. तो त्वचा ओलसर ठेवतो आणि जंतूंनाही अडवतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं, की बाळाची पहिली अंघोळ जन्मानंतर 24 तास तरी लांबवावी. संघटनेच्या 2013 च्या मार्गदर्शनात पुढे आणखी एक वाक्य आहे: सांस्कृतिक कारणांमुळे एवढं थांबणं शक्य नसेल, तर निदान सहा तास थांबावं. जिनिव्हात बसलेल्या तज्ज्ञांनी माझी आई पाहिलेली नाही. तरीही तिची तरतूद त्यांनी करून ठेवली आहे, हे पाहून त्या संघटनेबद्दलचा माझा आदर वाढला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी छातीवर लाल चट्टे उठले. प्रत्येक चट्ट्याच्या मध्यभागी बारीक पिवळसर ठिपका. पहिला संशय डासावर गेला, मग दुपट्याच्या साबणावर, मग दुपारी येऊन "किती गोड आहे हो" म्हणून गेलेल्या एका बाईंवर. पण हे सगळे किरकोळ आरोपी. आपल्याकडे बाळाच्या अंगावर काहीही उठलं, की पोलीस शेवटी बाळंतिणीच्या ताटापाशी येऊन थांबतात.

"काय खाल्लंस?"

ताईनं दोन दिवसांत मऊ भात, तूप आणि मेतकूट याखेरीज काही खाल्लं नव्हतं. हा खुलासा कुणालाच पटला नाही. मेतकुटाची चौकशी झाली. मेतकूट काकूंच्याच घरचं निघाल्यानं ती चौकशी तिथेच बंद झाली. तेव्हा ताईच्या नणंदेनं, म्हणजे बाळाच्या आत्यानं, जुनं प्रकरण उकरून काढलं. "सातव्या महिन्यात तू पाणीपुरी खाल्ली होतीस. डोहाळजेवणाच्या आदल्या दिवशी. मी सोबत होते." सोबत असूनही स्वतःच्या अंगावर काही का उठलं नाही, याचा खुलासा आत्यानं केला नाही. ताई बिचारी रडायच्या बेतात आली. नऊ महिने जे काही तोंडात घातलं त्याचा जमाखर्च द्यायची पाळी जगात दोनच माणसांवर येते: बाळंतिणीवर आणि विषबाधेच्या खटल्यातल्या साक्षीदारावर.

डॉक्टर मॅडम आल्या. त्यांनी चट्टे जेमतेम पाहिले आणि म्हणाल्या, "एरिथेमा टॉक्सिकम निओनेटोरम."

आई खाली बसली.

"काही नाही हो," मॅडम म्हणाल्या, "निम्म्या बाळांना होतं." हे अगदी खरं आहे. दिवस पूर्ण भरून जन्मलेल्या बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांना पहिल्या दोन-तीन दिवसांत हे चट्टे उठतात. कार्ल लायनर नावाच्या डॉक्टरांनी 1912 मध्ये त्यांना हे भारदस्त नाव दिलं. ते का उठतात हे विज्ञानाला अजून नक्की ठाऊक नाही. पाणीपुरीनं उठत नाहीत एवढं ठाऊक आहे. एका जागचा चट्टा काही तासांत मावळतो, दुसरीकडे नवा उगवतो, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत सगळा प्रकार आपोआप संपतो.

"मग काय लावायचं?" आईनं विचारलं.

"काहीही लावू नका."

वैद्यकशास्त्रात याच्याइतकं कडू औषध नाही. चार तास जागून काढा उकळा, असं सांगितलं असतं तर आमच्या घरानं तो आनंदानं उकळला असता. परगावाहून एखादी मुळी आणायला सांगितली असती, तर मी पहिल्या एसटीनं निघालो असतो. पण काही न करता बसायचं, आणि तेही समोर लाल चट्टे दिसत असताना, हे मराठी घराला झेपण्यातलं नाही. मॅडम गेल्यावर त्यांच्या वाक्याचा अर्थ लावायला बैठक बसली. "काहीही नाही म्हणजे बाजारातलं नाही," आई म्हणाली. "घरातलं चालतं." आत्याचं म्हणणं, औषध लावू नका असं त्या म्हणाल्या; साय हे काही औषध नव्हे. बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले, "फी घेतली, आणि लिहून काहीच दिलं नाही." त्यांच्या दृष्टीनं कागदावर काही उमटल्याशिवाय तपासणी झाली असं होत नाही.

साय लावली. छातीवर लावली तर चट्टे पाठीवर उठले. पाठीवर लावली तर ते मांडीवर गेले. साय त्यांच्या मागून फिरत राहिली. आठवडाभरात चट्टे गेले आणि साईला प्रमाणपत्र मिळालं. त्या आठवड्यात घरातलं दूधही उतू गेलं, पंखाही बिघडला, पण त्यांना कुणी श्रेय दिलं नाही. नवजात बाळाच्या कातडीवरचे बहुतेक प्रकार असेच स्वतःहून यायचे आणि स्वतःहून जायचे, म्हणूनच घरोघरच्या औषधांची कीर्ती टिकून आहे. जाणाऱ्या पाहुण्याला रिक्षात बसवून "मीच त्याला घालवला" म्हणणारे आपल्याकडे कमी नाहीत.

नाकावरच्या बारीक पांढऱ्या दाण्यांचंही तसंच. त्वचेत तयार होणारं केराटिन सूक्ष्म पोकळीत अडकलं की हे दाणे दिसतात, आणि काही आठवड्यांत निघून जातात. काकूंना मात्र ते नखानं दाबून काढायची अनिवार इच्छा होती. ताई बाळाजवळून अजिबात हलेना, ती मुख्यतः याच कारणानं. मग तिसऱ्या आठवड्यात गालांवर चक्क मुरमं आली. "वयात आली की काय!" बाबा म्हणाले, आणि घरात त्या महिन्यातलं पहिलं सर्वमान्य हसू झालं.

एकदा तर कमालच झाली. पोर कुशीवर झोपली होती. अंगाची खालची बाजू लालबुंद, वरची फिकट, आणि मधोमध पट्टी धरून आखावी तशी रेघ. आत्या ओरडली, आईनं देवाजवळचा अंगारा आणला, मी चित्रफीत काढायला फोन काढला. फोनला माझा चेहरा ओळखायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात पोरगी पुन्हा एकरंगी झाली. रक्तवाहिन्यांचं नियंत्रण अजून नवखं असल्यामुळे काही बाळांमध्ये असं होतं आणि थोड्याच वेळात ओसरतं. नेलिगन आणि स्ट्रँग या डॉक्टरांनी 1952 मध्ये त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. त्यांना ते नीट दिसलं म्हणजे त्यांच्या हातात फोन नसणार.

आता मालिश. इथे जरा बैठक मारून बसावं लागेल.

आमच्याकडे येणाऱ्या मालिशवाल्या मावशींच्या हाताखालून निम्मा सातारा गेला आहे, असं त्या सांगत. त्यात एक नगरसेवकही होता, आणि त्याचं नाक आपण चिमटीत धरून सरळ केलं असा त्यांचा दावा होता. (मी तो नगरसेवक पाहिला आहे. मावशींनी हे सांगत फिरू नये, असं मला वाटतं.) पाटावर बसून, पाय लांब करून, पोरीला पायांवर पालथी घालून त्या कामाला लागल्या, की घरातलं कुणीही मधे बोलत नसे. पहिले काही दिवस कणकेचा गोळा चाले. कणकेला हळद आणि तेल लावून तो गोळा कपाळावर, खांद्यांवर, पाठीवर घोळवायचा, म्हणजे लव जाते. ही लव गर्भातच उगवते आणि जन्माच्या आधी किंवा नंतरच्या काही आठवड्यांत गळून पडते, असा तिचा स्वभावच आहे. गोळा फिरवला तरी जाते, न फिरवला तरी जाते. गोळ्यानं जाताना पोर रडते, एवढाच फरक.

गोळ्यानंतर डाळीचं पीठ. इथे ताई पहिल्यांदा बोलली. बाळाची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ. जन्मतः ती जवळपास उदासीन, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कही नाही, अशी असते. पुढच्या काही आठवड्यांत तिच्यावर सौम्य आम्लाचा थर तयार होतो आणि तो जंतूंना थोपवतो. हे बांधकाम चालू असतानाच आपण तिथे पिठानं खसाखसा घासायचं, वर साबणाचा अल्क फासायचा, आणि महिन्याभरानं "हिची कातडी कोरडीच आहे, आईवर गेली" म्हणायचं. मावशींनी हे सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी ताईचे दंड निरखून पाहिले आणि विचारलं, "तुला कुणी लावलं होतं पीठ?" ताई म्हणाली, "आठवत नाही." "मीच लावलं होतं," मावशी म्हणाल्या. युक्तिवाद संपला. तडजोड म्हणून पीठ पातळ झालं आणि घासण्याऐवजी नुसतं ओतलं जाऊ लागलं.

तेलाच्या प्रश्नावर मात्र सर्वपक्षीय बैठक घ्यावी लागली. विहीणबाईंचं बदाम तेल आलं होतं. आत्यानं पुण्याहून ऑलिव्हचं तेल आणलं, त्याच्या बाटलीवर इटलीतल्या टेकड्या होत्या. समोरच्या इमारतीत राहणाऱ्या बिहारच्या भाभींनी प्रेमानं मोहरीचं तेल दिलं. आणि मावशींच्या पिशवीत घाण्याचं खोबरेल. मी मत द्यायचं नाही या अटीवर काही वाचून आलो होतो. मोहरीच्या तेलानं त्वचेचा संरक्षक थर कमजोर होतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. ऑलिव्हमधलं ओलेइक आम्लही त्या थराच्या मुळावर येतं, त्यामुळे त्वचातज्ज्ञ बाळासाठी त्याची शिफारस करत नाहीत. टेकड्या मात्र सुंदर होत्या. सूर्यफुलाच्या तेलाचा ढाक्याच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना चांगला उपयोग झाला. आणि खोबरेलाबद्दल मुंबईतल्या डॉक्टरांचा अभ्यास 2005 मध्ये 'इंडियन पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात आला: दिवस पुरे न भरलेल्या बाळांचं वजन खोबरेलाच्या मालिशीनं खनिज तेलापेक्षा जास्त वाढलं. मी हे मावशींना सांगितलं. त्यांनी हात न थांबवता विचारलं, "हे कळायला 2005 उजाडलं?"

खोबरेल जिंकलं. पण जिंकल्याबरोबर त्यात काहीतरी मिसळायची सूचना आली, कारण साधं तेल म्हणजे मेहनत दिसत नाही. "सर्दी होऊ नये म्हणून कापूर घाला," काकू म्हणाल्या. इथे डॉक्टर मॅडमचा आवाज फोनवर प्रथमच चढलेला मी ऐकला. वजनाच्या मानानं बाळाच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठ्या माणसाच्या जवळजवळ तिप्पट असतं, आणि त्वचा पातळ. त्यामुळे वर लावलेलं बरंच काही आत शिरतं. कापरानं लहान बाळांना झटके येऊ शकतात. बोरिक पावडरही विषारी. तात्पर्य, लंगोटाखाली भुरभुरायची ती जुनी पांढरी पुडी आणि कापराची वडी या दोन्ही देवघरातच शोभतात. खरं तर पुडी तिथेही नको. काकूंनी कापूर परत नेला, पण "आमची पोरं काय मेली का?" हा प्रश्न दारात ठेवून गेल्या. या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण ज्यांची गेली त्या असं विचारायला येत नाहीत.

पोरीच्या कमरेखाली एक निळसर-करडा डाग होता. जन्मापासून असावा, पण उजेडात लक्ष गेलं ते मावशींच्या पहिल्या आठवड्यात, आणि सगळ्यांच्या नजरा मावशींच्या अंगठ्याकडे वळल्या. आत्या कुजबुजली, "जोरात दाबतात." मावशींना ते ऐकू गेलं. त्या उठल्या, हात धुतले, पदर खोचला आणि म्हणाल्या, "सटवाईनं मारलेला शिक्का आहे तो. मला विचारण्यापेक्षा तिला विचारा." हा डाग आशियातल्या कितीतरी बाळांना असतो. रंगाच्या पेशी गर्भात वर येता येता कातडीच्या खोल थरातच राहून जातात, आणि खोलवरचा काळा रंग वरून निळा दिसतो. एर्विन बेल्झ हा जर्मन डॉक्टर टोकियोत शिकवायला होता. त्यानं 1885 मध्ये जपानी बाळांवर हा डाग पाहून त्याला 'मंगोल डाग' म्हटलं. ते नाव डॉक्टरांनी आता मागे टाकलंय. काही वर्षांत तो बहुधा विरून जातो. जन्माच्या वेळीच तो कागदावर नोंदवून ठेवावा असं मॅडम म्हणाल्या, म्हणजे पुढे कुणी मारल्याचा वळ समजत नाही. आमच्या कागदावर तो नोंदलेला निघाला. आत्यानं मावशींना चहा करून दिला. मावशींनी तो निवेपर्यंत तसाच ठेवला, आणि मग प्यायल्या.

कावीळ हा एकच विषय असा, की त्यात घर आणि दवाखाना एकमेकांच्या बरेच जवळ आले. तिसऱ्या दिवशी पोर पिवळी दिसू लागली. दिवस भरलेल्या बाळांपैकीही सुमारे 60 टक्के बाळांना पहिल्या आठवड्यात थोडाफार पिवळेपणा येतोच. "कोवळ्या उन्हात धरा," आई म्हणाली, आणि ती हे म्हणाली तेव्हा तिच्या पाठीशी इंग्लंडमधली एक परिचारिका उभी होती, हे तिला ठाऊक नव्हतं. एसेक्समधल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सांभाळत. 1956 च्या उन्हाळ्यात त्या बाळांना अंगणात उन्हात न्यायच्या. एका बाळाला त्यांनी डॉक्टरांना उघडून दाखवलं: सगळं अंग फिकट, फक्त एक ठसठशीत पिवळा त्रिकोण. डॉक्टरांनी पहिली शंका कसली काढली असेल? हे काय फासलंत, अशीच. काहीच फासलं नव्हतं. तेवढ्या भागावर चादरीचं टोक होतं, बाकी अंगाला ऊन लागलं होतं. त्या त्रिकोणातून पुढे प्रकाशोपचार निघाला, 1958 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो छापून आला, आणि आज गावोगावच्या रुग्णालयांत निळ्या दिव्यांखाली डोळ्यांवर पट्टी बांधून बाळं झोपलेली दिसतात.

मॅडमनी ही गोष्ट आईला सांगितली आणि लगेच दुसऱ्या हातानं काढूनही घेतली. ऊन मोजता येत नाही, बिलिरुबिन मोजता येतं; तेव्हा तपासणी आधी, गच्ची नंतर. पहिल्या 24 तासांतच बाळ पिवळं दिसलं, किंवा पिवळेपणा तळपायांपर्यंत उतरला, किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, तर गच्चीचा जिना चढायचाच नाही, रिक्षा बोलवायची. आणखी एक प्रश्न त्यांनी विचारला तो मला फार अनपेक्षित वाटला. "कपडे कुठले घालता?" कपडे ट्रंकेतले होते. ताईची झबली, माझी कुंची, आजीनं शिवलेली दुपटी, सगळी डांबराच्या गोळ्यांत वर्षानुवर्षं जपलेली. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर कमी असतं. त्यांना या गोळ्यांच्या वाफेनंसुद्धा रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. आमचा वारसा त्याच दिवशी उकळत्या पाण्यात गेला. माझी कुंची त्यात इतकी आटली, की ती आता देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला होते.

कुंचीवरून घामोळं आठवलं. एप्रिल महिना, सातारा, दुपार. घरातली मोठी माणसं बनियनवर, आणि पोर मात्र झबलं, लंगोट, दुपटं, कुंची, हातमोजे, पायमोजे आणि वर गोधडी अशा बंदोबस्तात. खिडकी बंद, कारण "वारं लागेल." घामाच्या ग्रंथींची तोंडं बाळांमध्ये आधीच सहज बुजतात, घाम बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की मानेवर, छातीवर लाल पुरळ. घरानं निदान केलं: उष्णता. निदान पुन्हा अर्धं बरोबर! पण उष्णता कुठली, तर ताईनं खाल्लेल्या खारकांची. खारका बंद झाल्या, गोधडी चालू राहिली. पावडर थापली, ती घामात भिजून मानेच्या वळ्यांत लिंपली गेली. शेवटी मॅडम आल्या आणि त्यांनी एकेक कपडा उतरवायला सुरुवात केली. शेवटचं झबलं निघालं तेव्हा पोरीनं असा काही लांब सुस्कारा टाकला, की बाबांनी स्वतः उठून खिडकी उघडली. मोठ्या माणसाला जेवढे कपडे पुरतात त्याहून एखादाच थर जास्त, एवढा साधा हिशेब. आईनं तो मान्य केला. आणि तो एक थर म्हणून गोधडी घेतली.

मग बीसीजी. जन्मल्यावर डाव्या दंडावर टोचलेली ही लस महिनाभर गप्प बसते, आणि सगळे विसरल्यावर तिथे फोड येतो, पिकतो, खपली धरते, व्रण सोडतो. हे सगळं असंच व्हायचं असतं. पण पिकलेला फोड आणि हळदीचा डबा यांच्यामध्ये कुणीतरी ठामपणे उभं राहावं लागतं. आमच्याकडे ताई उभी राहिली. "मॅडम म्हणाल्यात, काहीही लावायचं नाही," हे वाक्य एव्हाना ती झोपेतही म्हणत असे. आई म्हणाली, "लावत नाही गं, नुसतं बघते." हातात डबा होता.

थट्टा बाजूला ठेवण्यासारखं एकच प्रकरण घडलं, आणि ते आमच्या घरात नाही, ताईच्या मैत्रिणीच्या घरात. तिच्या बाळाला तिसऱ्या महिन्यात गालांवर इसब उठला. लाल, ओलसर, खाजणारा. काहीही लावू नका हे इथे लागू नसतं. इसबाला लावावं लागतं: रोज, भरपूर, साधं वास नसलेलं मलम, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा आणि तेवढंच स्टिरॉइड. पण त्या घरात मलम राहिलं बाजूला आणि आईचं खाणं बंद होत गेलं. आधी दूध, मग शेंगदाणे, मग गहू, मग वांगं, शेवटी ती बाई भात आणि मुगाच्या पाण्यावर आली, आणि बाळाचे गाल होते तसेच. तिला कुणीतरी सांगायला हवं होतं की बाळाच्या कातडीचा दोष आईच्या ताटात शोधणं ही तपासणी नव्हे, शिक्षा आहे. त्वचातज्ज्ञांनी सांगितलं. तोवर ती आठ किलोंनी उतरली होती. मलमानं बाळ पंधरवड्यात सुधारलं.

आमची पोर सव्वा महिन्याची होईस्तोवर चट्टे, दाणे, मुरमं, घामोळं, सगळं येऊन गेलं होतं. कातडी नितळ झाली आणि श्रेयवाटप सुरू झालं. मावशींनी तेलाचं घेतलं, आईनं साईचं, विहीणबाईंनी केशराचं, आत्यानं दृष्ट काढल्याचं. बाबांनी खिडकीचं घेतलं. डॉक्टर मॅडमच्या वाट्याला काही आलं नाही. त्यांनी काही लिहूनच दिलं नव्हतं ना.

शांतता फार टिकली नाही. एका सकाळी पोरीच्या गालावर लाल ओरखडा. या वेळी कुणाच्या ताटाची चौकशी करायची सोय नव्हती, कारण आरोप तिच्या स्वतःच्या बोटांवर होता. नखं वाढली होती. ताईनं छोटी कात्री काढली.

"आज शनिवार," आई म्हणाली.

"उद्या अमावास्या," काकू म्हणाल्या.

"सोमवारी तिचा उपास असतो का गं?" बाबांनी विचारलं, आणि त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

ताईनं फोन लावला. "मॅडम, गाल ओरबाडलाय. नखं कापू का?"

"कापा की."

"आज शनिवार आहे म्हणतात."

पलीकडून मॅडमनी विचारलं, "पोर जागी आहे का?"

"झोपलीय."

"आणि आई?"

ताईनं वळून पाहिलं. "देवपूजेला बसतेय."

"मग दहा मिनिटं आहेत तुमच्याकडे," मॅडम म्हणाल्या. "आणि त्या ओरखड्यावर काहीही..."

"माहितीय," ताई म्हणाली, आणि मला दार लावून घ्यायची खूण केली.